दुखवट्याच्या बंदुका

टर्की नॉब, मिसुरी
१९ एप्रिल १९९३

प्रिय मेल्व्हा,

तुझ्या भावाला, माझ्या हार्लनला, पुरून आता दोन महिने होत आले. दफनानंतर इकडच्या रीतीप्रमाणे जेवणं आली. नूडल्स आणि ट्यूना, नूडल्स आणि कोंबडी, नूडल्स आणि कुणालाच ओळखता न आलेलं काहीतरी. फ्रीजर भरला. मग मी ते कोंबड्यांना घातलं, मग कोंबड्यांनीही तोंड फिरवलं. आता जेवणं थांबलीत आणि बंदुका यायला लागल्यात.

सुरुवात माझ्या भाच्याने केली, डेलबर्टने. खालच्या वळणावरचं प्रुइटांचं घर फोडलं ना, तेव्हापासून त्याला झोप नाही. (प्रुइट फ्लोरिडात होते. चोरांनी भिंतीतले तांब्याचे पाइप उपटून नेले. माझ्या भिंतीत तांबं नाही, पण ते डेलबर्टला कोण सांगणार.) चॉकलेटच्या डब्यासारखा डबा घेऊन तो दारात उभा. "आत्या, तुझ्यासाठी आणलंय. दुकानदार म्हणाला, मिस ऑर्फाला हेच द्या. छोटं, हलकं आणि बायकी." उघडलं तर गुलाबी मुठीचं रिव्हॉल्व्हर. आधी मला वाटलं, कुणाला बाळ झालंय आणि हा खुळखुळा आहे.

गोठ्यामागे कुंपणावर कॉफीचा डबा ठेवला आणि चालवून पाहिलं. माझ्या बोटांची अवस्था तुला माहीत आहे, सांधे असे सुजलेत की अंगठी साबण लावूनही निघत नाही. एका बोटाने चाप हलेना. दोन्ही हातांची बोटं घालून ओढला तेव्हा पिस्तूल उसळून माझ्या कपाळावर आलं. डबा जागच्या जागी. डेलबर्ट म्हणाला, "सवय होईल, आत्या." कपाळाला की मला, ते बोलला नाही.

विनोद बाजूला ठेवते, कारण रॉयस विनोद करत नाही. माझ्या लेकाने सांगून टाकलंय: "आई, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येईन तेव्हा मला दिसलं पाहिजे की तू स्वतःचं रक्षण करू शकतेस. नाहीतर घर विकायचं आणि तू स्प्रिंगफील्डला आमच्याकडे." आमच्याकडे म्हणजे तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. सूनबाई म्हणतात, खोली उबदार आहे. असणारच, ड्रायरची वाफ तिथेच सुटते. आणि गंमत बघ, दफनाच्या दुसऱ्याच दिवशी हार्लनच्या सगळ्या रायफली याच रॉयसने गाडीत घालून नेल्या, "तेलपाणी करायला". त्या अजून आल्या नाहीत. इतकं तेल सौदीतही नसेल.

हे घर मला सोडायचं नाही, मेल्व्हा. इथे मी पन्नास वर्षं एकाच खिडकीतून भांडी घासत बाहेर पाहिलंय. दुसरी खिडकी आता मला जमणार नाही, आणि तळघराला तर तीही नाही.

तू जत्रेतल्या नेमबाजीत तिन्ही भावांना हरवून बक्षिसाचं हॅम, डुकराची अख्खी तंगडी, जिंकायचीस असं हार्लन सांगायचा, आणि इतक्या वर्षांनीही सांगताना चिडायचा. म्हणून तुलाच विचारते. माझ्यासारखीने काय घ्यावं? फोनवर तुझे शब्द मला उमगत नाहीत, मला उमगत नाहीत म्हणून तू संतापतेस, तेव्हा पत्रच बरं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर डाव्या हाताने लिहितेस, तरी अक्षर रॉयसपेक्षा चांगलं आहे.

बाकी ठीक. सकाळी कोंबड्या सोडते. त्या नसत्या तर उठायला कारण शोधावं लागलं असतं, आणि या वयात शोधाशोध होत नाही.

तुझी,
ऑर्फा

*

सलाइना, कॅन्सस
३० एप्रिल

ऑर्फा,

इथे सगळं छान आहे. दुपारी वृद्धाश्रमातल्या आम्हा सगळ्यांना गोल बसवून एकमेकांकडे फुगा टोलवायला लावतात. याला व्यायाम म्हणतात. मी काल फुग्यावर बसले. याला असहकार म्हणतात, तसं माझ्या फाइलवर लिहिलंय.

तो गुलाबी खुळखुळा परत कर. नीट वाच आणि डेलबर्टलाही वाचून दाखव. गोळीचा दणका कुठेतरी जायलाच हवा. पिस्तूल जड असलं तर अर्धा दणका पिस्तूल खातं. हलकं असलं तर सगळा तुझं मनगट खातं. शिवाय त्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो, खिशात चुकून उडू नये म्हणून. म्हणजे दुखऱ्या हातांच्या म्हातारीला शोधूनशोधून सगळ्यांत जोरात लाथ मारणारं आणि सगळ्यांत घट्ट चापाचं हत्यार दिलं. बायकांचं पिस्तूल बायका विकत घेत नसतात, पुरुष घेतात आणि बायकांना भेट देतात. ज्याने भेट दिली त्याचं कपाळ कधी सुजत नाही.

घाई करू नकोस. हाताला काय जमतं ते आधी बघायचं, हत्यार मागाहून. सध्या काहीच घेऊ नकोस.

आणि दर सोमवारी मला पत्र लिहीत जा. कोंबड्यांनी किती अंडी दिली ते कळव. इथे पिवळी पूड पाण्यात कालवतात आणि तिला अंडं म्हणतात. खऱ्या अंड्याची बातमी तरी वाचू दे.

मेल्व्हा

*

टर्की नॉब
२४ मे

प्रिय मेल्व्हा,

अंडी नऊ. एक कवचाशिवाय, तेही मोजलंय.

खुळखुळा परत गेला नाही. डेलबर्टचा चेहरा असा पडला की मी तो पावाच्या डब्यात ठेवून दिला. पण बातमी चर्चमध्ये पसरली: रॉयसने आईला निःशस्त्र ठेवलंय आणि डेलबर्टने तिला खेळणं दिलंय. मग काय, चढाओढ लागली.

ब्रदर क्लेटस आले. आमच्या चर्चचे कारभारी, ओळखतेस तू, हार्लनची शवपेटी खांद्यावर घेऊन पुढे तेच होते. त्यांनी युद्धातून आणलेलं मोठं पिस्तूल मला दिलं. जड आहे, तू म्हणतेस तसं दणका खाणारं आहे. पण पहिली गोळी आत जायला वरचा सरकता भाग मागे खेचावा लागतो. मी खेचला. तो हलला नाही. क्लेटस म्हणाले, "सिस्टर ऑर्फा, जोर लावा." मी म्हटलं, "ब्रदर, जोर लावलाय. तो हाच." त्यांनी एका बोटाने केल्यासारखं खट्‌कन ओढून दाखवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू युद्धात मीच शत्रूच्या बाजूने होते.

आणि चर्चच्या मिशन मंडळाच्या बायकांनी त्या पिस्तुलासाठी कापडी म्यान शिवून आणलं. त्यावर जांभळी फुलं आणि भरतकामात अक्षरं: देव पाहतो आहे. पाहतो आहे तर बंदूक कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांनी सोबत नूडल्सही आणल्या होत्या.

फिरत्या वाचनालयाची गाडी आली तेव्हा मी बंदुकांवरचं एक जाडजूड पुस्तक मागितलं. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. गेल्या खेपेला मी ध्रुवावर अडकलेल्या जहाजाचं पुस्तक नेलं होतं. त्यांना वाटलं असेल, म्हातारी आता मोहिमेवर निघाली.

तू सांग, तो सरकता भाग ओढायची काही युक्ती आहे का?

तुझी,
ऑर्फा

*

सलाइना
८ जून

ऑर्फा,

युक्ती आहे. पिस्तूल पोटाशी आण. नळी समोर, माणसांपासून लांब. डाव्या हाताचा पूर्ण पंजा वरच्या भागावर ठेव, बोटांच्या चिमटीत धरू नकोस. आणि डावा हात मागे ओढायचा नाही, उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. ढकलायला खांदा लागतो, ओढायला बोटं. तुझे खांदे ठीक आहेत, बोटं गेलीत.

पण सांगून ठेवते, तुला जमणार नाही. युद्धातल्या त्या पिस्तुलाची आतली स्प्रिंग भलती कडक असते. नाही जमलं तर हट्ट करू नकोस. क्लेटसला परत दे. घरात नको ठेवूस. मवाळ स्प्रिंगची नवी पिस्तुलं निघालीत म्हणे, पण तीही आता घेऊ नकोस, उन्हाळा जाऊ दे.

इथे एका आजोबांनी मला मागणी घातली. नंतर कळलं, ते मला त्यांची बायको समजत होते. त्या दोघांचं पटत नसे, हेही कळलं.

सोमवारी पत्र आलं नाही. मंगळवारीही नाही. कोंबड्या बऱ्या आहेत ना?

मेल्व्हा

*

टर्की नॉब
२३ ऑगस्ट

प्रिय मेल्व्हा,

अंडी सात. उकाडा आहे, त्यांनाही कंटाळा आलाय. एका सोमवारी पत्र उशिरा गेलं की तू अशी घाबरतेस जणू कोंबड्या तुझ्या पोटच्या आहेत.

तुझी युक्ती रोज करून पाहिली. निम्म्यापर्यंत येतं आणि परत जातं. मी आणि ते पिस्तूल, दोघं हट्टी. बोटाची कातडी मात्र त्याने घेतली.

आता आमचे पाद्री, ब्रदर टॅल्मेज. कारभारी पुढे गेला म्हटल्यावर पाद्री मागे कसे राहतील? त्यांनी लांब नळीची छऱ्याची बंदूक आणली आणि स्वतःच्या हाताने स्वयंपाकघराच्या दारावर खुंट्या ठोकून टांगली. "सिस्टर, नुसता आवाज ऐकूनच चोर पळेल." खुंट्या त्यांच्या उंचीच्या. ती काढायला मला स्टुलावर चढावं लागतं. कंबर मोडली तर त्याचा आवाज ऐकूनही चोर पळेल कदाचित.

एवढ्यावर थांबले असते तर ते पाद्री कसले. रविवारी सकाळी गावच्या रेडिओवर त्यांची प्रार्थना लागते, ती सगळा जिल्हा ऐकतो, गायींचं दूध काढताना. या रविवारी देवाला म्हणाले: "हे प्रभू, आमच्या वृद्ध भगिनी ऑर्फावर लक्ष ठेव. टर्की नॉबच्या रस्त्यावरचं शेवटचं घर. ती एकटी आहे, प्रभू. तिच्या मागच्या दाराची कडी मोडली आहे. स्वयंपाकघराच्या दारावर बंदूक आहे, पावाच्या डब्यात रिव्हॉल्व्हर आहे, पण तिच्या हातांत बळ नाही. बुधवारी संध्याकाळी ती आमच्यासोबत प्रार्थनेला येते, तेव्हा तिचं घर राख." देवाला पत्ता माहीत नसावा म्हणून इतकं सविस्तर.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. हार्लनचे बूट मी अजून मागच्या पायरीवर ठेवलेत. घरात पुरुष आहे असं चोराला वाटावं म्हणून, असं सगळ्यांना सांगते. सगळ्यांना पटतं.

तुझी,
ऑर्फा

*

सलाइना
३१ ऑगस्ट

ऑर्फा,

टॅल्मेजला आमच्या इथे पाठव. फुगे फुगवायला आम्हाला हवा हवीच आहे.

छऱ्याची बंदूक खाली काढून परत दे. डेलबर्टला काढायला सांग, तू स्टुलावर चढू नकोस. तू बंदुकीपर्यंत पोचेपर्यंत चोर कॉफी करून पिऊन जाईल. आणि दणका असा, की खांदा त्याच दिवशी राजीनामा देईल. क्लेटसचंही परत दे. रिव्हॉल्व्हरही. घरात एकही नको. आधी मागच्या दाराची कडी बसव. ती रॉयस किती वर्षं बसवतोय?

बूट राहू दे.

मेल्व्हा

*

टर्की नॉब
१६ सप्टेंबर

प्रिय मेल्व्हा,

तुझं ऐकलं. निदान एकाबाबतीत. काल बुधवार, क्लेटसचं पिस्तूल म्यानात घालून पर्समध्ये टाकलं आणि प्रार्थनेला गेले, परत द्यायला. ब्रदर क्लेटस म्हणाले, "सिस्टर, हार्लनच्या नावाने दिलंय. परत घेतलं तर मी वर त्याला काय तोंड दाखवू?" मग मी तशीच मागच्या बाकावर बसले, पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या आणि खाली पिस्तूल. ब्रदर टॅल्मेज माझ्या घराच्या रक्षणासाठी नावानिशी प्रार्थना करत होते, नेमकं त्याच वेळी माझं घर फुटत होतं.

दार फोडावंसुद्धा लागलं नाही. टीव्हीला हात नाही, भांड्यांना हात नाही. दारावरची बंदूक गेली. पावाच्या डब्यातून रिव्हॉल्व्हर गेलं, पाव तिथेच. टेबलावर पीचचा पाय होता, खायचा, मी भट्टीत भाजलेला, त्याचा अर्धा खाल्ला आणि काटा सिंकमध्ये ठेवला. संस्कार चांगले असावेत.

शेरीफचा माणूस आला. तरुण आहे, वही काढून विचारलं, "मॅम, तुमच्याकडे बंदुका आहेत हे कुणाकुणाला ठाऊक होतं?" मी म्हटलं, "देवाला. आणि देवाला सांगताना ज्यांनी ऐकलं त्या सगळ्या जिल्ह्याला." त्याने विचारलं, "रेडिओवर?" मग त्याने वही मिटली. त्याची आई ती प्रार्थना ऐकते.

म्हणजे बघ, बंदुका नव्हत्या तोवर माझ्या घरात चोरण्यासारखं काही नव्हतं.

रॉयसला डेलबर्टने फोन केला. तो आता थँक्सगिव्हिंगला परीक्षा घ्यायला येत नाही, ट्रक घेऊनच येतोय. "आई, विषय संपला." फोनवर त्याचा आवाज कापत होता. एवढ्याशा पीच पायसाठी?

तुझी,
ऑर्फा

*

सलाइना
२३ सप्टेंबर

ऑर्फा,

तू घरात नव्हतीस, हे देवाचे उपकार, टॅल्मेजचे नव्हेत.

बंदुका गेल्या ते फार बरं झालं. आता नव्या आणू नकोस, कुणी दिल्या तर घेऊ नकोस. राहिलेलं पिस्तूल पर्समधूनच डेलबर्टच्या घरी ठेवून ये, उद्याच. खरंच सांगते, तुझ्या हाताला जमेल असं पिस्तूल अजून कुणी बनवलेलं नाही.

तळघर इतकंही वाईट नसेल.

अंडी कळव.

मेल्व्हा

*

टर्की नॉब
४ ऑक्टोबर

मेल्व्हा,

अंडी आठ. आणि आता तू सरळ उत्तर दे.

तुझी सगळी पत्रं मी ओळीने लावून वाचली. मी शाळा आठवीत सोडली, पण वाचायला मी माझी मी शिकले आहे, आणि माणूस काय लिहितो यापेक्षा काय लिहीत नाही ते आधी दिसतं. रिव्हॉल्व्हर नको, घट्ट आहे. पिस्तूल नको, कडक आहे. मवाळ स्प्रिंगचं निघालंय, पण तेही नको, उन्हाळा आहे. तू सांगितलेलं सगळं खरं होतं, दुकानदारापेक्षा खरं होतं. पण जत्रेत हॅम जिंकणारी बाई एका म्हातारीला पाच महिन्यांत एकही हत्यार सुचवू शकली नाही? आणि शेवटी म्हणते, तळघर बरं आहे? तू, जी फुग्यावर बसतेस?

आणि रॉयस. बापाच्या रायफली दुसऱ्या दिवशी घेऊन गेला आणि मग मलाच म्हणतो, स्वतःचं रक्षण करून दाखव. कशाने, लाटण्याने? त्याला मी पास झालेलंच नको होतं.

तुम्ही दोघं चोराला घाबरत नव्हता. तुम्ही मला घाबरत होता.

आणि म्हणून दर सोमवारी अंडी. अंडी लिहून आली म्हणजे कोंबड्या सोडल्या, कोंबड्या सोडल्या म्हणजे म्हातारी उठली. बरोबर ना?

ऑर्फा

*

सलाइना
११ ऑक्टोबर

ऑर्फा,

बरोबर.

रॉयस एप्रिलमध्ये इथे आला होता. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकत फिरताना सलाइनावरून जातो, तेव्हा डोकावतो. माझी पुडिंगची वाटी खाल्ली आणि मग रडला. म्हणाला, "मेल्व्हा आत्या, दफनानंतर आई कुणाशी न बोलता बाबांच्या बंदुकांच्या कपाटासमोर तासभर बसली होती." म्हणून त्याने त्या नेल्या. तुला विचारायची त्याची छाती नव्हती. आमच्या स्टिलिंग्ज घराण्यातल्या पुरुषांची कधीच नसते, चोरांबद्दल तावातावाने बोलतील पण एवढं एक वाक्य विचारणार नाहीत. त्याने मला शपथ घातली. दोनच दिवसांनी तुझं पत्र आलं, त्यात शेवटी ते कोंबड्यांचं वाक्य होतं. तू ते गमतीत लिहिलंस. मी गमतीत वाचलं नाही.

कारण ते वाक्य मला येतं. झटक्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मीही तसलेच विनोद करायचे, आणि इथल्या बाया हसायच्या. मला तर कोंबड्याही नव्हत्या.

तेव्हा आता मी सरळ विचारते, कारण मी बाई आहे आणि माझी फाइल आधीच खराब आहे. तुझ्या मनात स्वतःला संपवायचं होतं का? आहे का?

मेल्व्हा

*

टर्की नॉब
१८ ऑक्टोबर

प्रिय मेल्व्हा,

होतं. मार्चमध्ये एक दिवस. कपाट रिकामं होतं, आणि रॉयसचा जो राग यायला हवा होता तो आला नाही, हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. मग कोंबड्या ओरडायला लागल्या म्हणून बाहेर गेले आणि त्यांना सोडलं. त्यांना काही कळलं नाही. कोंबड्यांचं हे एक बरं असतं.

नंतर तसा दिवस आला नाही. दुःख आहे. ते त्या बुटांसारखं आहे, रोज पाय लागतो, रोज ओलांडून जाते. पण तसा दिवस पुन्हा आला तर तुला कळवीन, अंड्यांच्या आधी. हे रॉयसलाही काल फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आई, मागच्या दाराची कडी बसवतो." त्याच्या भाषेत हे बरंच काही आहे.

आता माझी पाळी. पहिल्याच पत्रात तू "इथे सगळं छान आहे" असं लिहिलंस, आणि पुढच्याच ओळीत फुगा. तूही काय लिहीत नाहीस ते मला दिसतं.

क्लेटसचं पिस्तूल डेलबर्टकडे आहे, तू सांगितलं तसं. पण मी त्याचा विचार करतेय. मला ते धरता येतं, ओढता येत नाही. तुझा डावा हात ते खडकासारखं धरू शकेल, पण ओढायला तुला दुसरा हातच नाही. तू पोटाशी धरलंस आणि मी दोन्ही पंजांनी, सगळं वजन टाकून ओढलं, तर? पाच महिने आपण एका म्हातारीला चालवता येईल असं पिस्तूल शोधत होतो. आपल्याला हवं होतं एका म्हातारीला एकटीने चालवता न येणारं. दुकानदाराला विचारायची सोय नाही, गुलाबीत देऊ का म्हणेल.

खालची खोली रिकामी आहे. तिला पूर्वेची खिडकी आहे. रॉयस ट्रक घेऊन येणारच आहे, तो रिकामा का आणायचा? सलाइना वाटेत नाही, पण त्याला सांगितलं तर होईल वाटेत.

फुगे आमच्याकडे नाहीत. आताच सांगते.

तुझी,
ऑर्फा

*

सलाइना
२२ ऑक्टोबर

ऑर्फा,

नेम मी धरणार. त्यावर चर्चा नाही.

माझं सामान एक पेटी आणि एक खुर्ची.

मेल्व्हा

*

टर्की नॉब
६ डिसेंबर १९९३

आदरणीय ब्रदर क्लेटस,

दुखवट्याच्या प्रत्येक भेटीला आभाराचं पत्र पाठवायची आपल्याकडे रीत आहे. ट्यूना-नूडल्सची पत्रं मी मार्चमध्येच पाठवली. तुमच्या पिस्तुलाचं राहिलं होतं, कारण ते मी ठेवणार की नाही हे मलाच माहीत नव्हतं. उशीर झाला, माफ करा.

थँक्सगिव्हिंगला टर्की खाऊन झाल्यावर रॉयसने मागच्या अंगणात परीक्षा घेतली. हार्लनची "हॅम जिंकणारी" बहीण, माझी नणंद, आता माझ्याकडे राहते, ते तुम्ही ऐकलंच असेल. मेल्व्हा खुर्चीत बसली, पिस्तूल डाव्या हातात पोटाशी. मी समोरून नव्हे, बाजूने उभी राहून दोन्ही पंजांनी वरचा भाग मागे ओढला. आधी आमचं भांडण झालं, कारण मी तिच्या पायावर उभी होते. मग खट्‌कन आवाज आला, तुमच्या एका बोटाने येतो तसाच. मेल्व्हाने चाप ओढला, कॉफीचा डबा कुंपणावरून उडाला आणि डेलबर्टच्या गाडीच्या काचेवर गेला. काच शाबूत आहे. डेलबर्ट म्हणाला, "आत्या, आणि चोर आला तर तो एवढा वेळ थांबेल का?" मेल्व्हा म्हणाली, तिचं बोलणं आता मला कळतं, "त्याला पीचचा पाय देऊ खायला. तोवर होतं."

रॉयस हसला आणि मग पायरीवर जाऊन बसला, बुटांशेजारी. ट्रक त्याने रिकामाच परत नेला. पिस्तूल माझ्या खणात आहे, गोळ्या मेल्व्हाच्या. मागच्या दाराला नवी कडी आहे, अंगणात दिवा आहे, आणि डेलबर्टने खुळखुळ्याच्या बदल्यात एक कुत्रा दिलाय, तो चोरांवर नाही पण मिशन मंडळाच्या बायकांवर जोरात भुंकतो. म्यान मात्र आम्ही वापरतो. त्यात मेल्व्हा चष्मा ठेवते.

तुमचं पिस्तूल चांगलं आहे. ते एकटीने चालत नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

सोमवारची अंडी आता मी कुणाला लिहून पाठवत नाही. मी वाकून उचलते, मेल्व्हा टोपली धरते आणि चुकीची मोजते.

ब्रदर टॅल्मेजना नमस्कार सांगा. रेडिओवर आमच्यासाठी प्रार्थना करायचीच असेल तर एवढंच म्हणा, की टर्की नॉबच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरात आता दोघी आहेत. बाकीचं देवाला माहीत आहे.

आपली,
सिस्टर ऑर्फा स्टिलिंग्ज